हिरव्या डोळ्याचा गुलाब

माय,

तुझा गुलाब जिवंत आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू जरा शांतपणे ऐकशील. बातमी ताणून सांगितलेली तुला कधी चालली नाही, कुणी धापा टाकत दारात आलं की तू आधी विचारायचीस, "कोन गया?" आणि मग पाणी द्यायचीस. कुणी गेलेलं नाही. गुलाब जळगावात माझ्या खिडकीखाली आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याच्यापाशी कुणी अनोळखी माणूस थांबलं की मी अजूनही खिडकीचा पडदा ओढून घेते. हे तूच दिलंस मला. बाकीच्या मुलींना आईच्या पाटल्या मिळतात, बांगड्या मिळतात. मला गुलाब मिळाला आणि त्याच्यासोबत ही भीती. दोन्ही मी सांभाळलीत, आणि खरं सांगू का, भीतीला कधी पाणी घालावं लागलं नाही.

धुळ्याचं आपलं अंगण म्हणजे काय, एक बाज टाकली की संपलं. त्याच्या कोपऱ्यात, मोरीचं पाणी वाहायचं त्या अंगाला, तुझं झाड. वर्षातला बराच काळ ते नुसतं काटेरी जाळं असायचं, बारीक बारीक काटे, पानं राखाडी हिरवी, हात लावला तर खालून लवदार. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई हे कशाला जपते. आणि मग होळी होऊन जायची, ऊन तापायला लागायचं आणि एके सकाळी दार उघडताच वास अंगावर यायचा. फिकं गुलाबी फूल, पाकळ्यांची एवढी दाटी की मोजायला बसलं तर शाळा बुडेल, आणि मधोमध एक हिरवा ठिपका, डोळ्यासारखा. मी लहान असताना त्या डोळ्याला भ्यायचे. तो माझ्याकडं बघतोय असं वाटायचं. तू म्हणायचीस, "देखू दे. तेले कोठे तोंड शे?" त्या गुलाबाचा तुला आवडणारा सगळ्यात मोठा गुण तोच होता, की तो बोलत नाही.

डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्याला, शेळीच्या लेंड्या त्याला, माव्याची कीड पडली तर चुलीतली राख त्याला, आणि वैशाखात अंगावर ओलं पोतं. कात्री मात्र कधी नाही. "सुकेल काडी मोड. हिरवीले हात लावू नको," हा तुझा हुकूम होता, आणि मोडलेली सुकी काडीसुद्धा तू बाहेर टाकायची नाहीस, चुलीत घालायचीस. कुणी शेजारीण फांदी मागायला आली की, "काटा भलता बेकार शे माय, पोरेसना डोयामा जाई," असं म्हणून तिलाच उलट काळजीत पाडायचीस. जयंतीच्या सकाळी विहारात सगळ्या बाया अख्खी फुलं आणायच्या, झेंडूचे हार आणायच्या, आणि तू पितळी ताटलीत नुसत्या पाकळ्या. घरीच बसून एकेक पाकळी सुटी करायचीस, देठ आणि तो हिरवा डोळा चुलीत. लोकांना वाटायचं, या बाईची वाहण्याची पद्धतच अशी. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा तू भाकरी थापत असताना मी विचारलं, आपण अख्खं फूल का नाही नेत? तू परातीतून मान वर केली नाहीस. भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस आणि मग एवढंच म्हणालीस, "वयखी लेतीन." ओळखतील. मी विचारलं, कुणाला, तुला की फुलाला? तू म्हणालीस, "एकच शे ते."

त्या दिवशी चुलीपाशी तू सांगितलंस ते मी आजवर तुझ्या आवाजात ऐकते. तू लग्न होऊन आलीस त्या साली बंगल्यावर झाडलोटीला लागलीस. जुना, दगडी, साहेबाच्या काळातला बंगला. तुझा शिरकाव मागच्या फाटकातून, आणि तोही बागेपर्यंतच. पावसाळ्याच्या तोंडाशी तिथल्या माळ्यानं गुलाब छाटला आणि फांद्या केरात टाकल्या. केर जाळायचं काम तुझं. त्यातली एक काडी तू जाळली नाहीस. झाडूच्या आत खोचून घरी आणलीस आणि मोरीपाशी रोवलीस. इतकीच गोष्ट. "मी चोरी नही करी," तू म्हणालीस, "केरमाईन उचली." मग भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "पन केर बी तेसनाच ना." आणि मला बजावलंस, "कोनी इचारं ते सांगजो, माले मालूम नही."

मी पाचवी-सहावीत असताना बंगल्यातली चांदीची वाटी हरवली. बंगल्यात काहीही हरवलं की वाट आपल्याच गल्लीकडं वळायची, हे मला तोवर कळत नव्हतं, त्या दिवशी कळलं. तू कामाला गेलेली, आणि उन्हं चढायच्या आत परत. हातात झाडू तसाच. दारातूनच म्हणालीस, "गोधडी दे." मी विचारलं, कोणती? "कोनती बी दे. बठ्ठ्यासमा मोठी दे." ती तू पाण्याच्या टिपात बुचकळलीस आणि तशीच निथळती नेऊन झाडावर टाकलीस. झाड भरून फुललेलं होतं, माय. मी ओरडले, "फुलं!" आणि तुझा हात माझ्या तोंडावर आला. त्या हाताला फिनेलचा वास होता, आणि गोधडीखालून येणारा तो दुसरा वास, आणि दोन्हींच्या मधे मी श्वास धरून उभी.

हवालदार येतो. सायकल भिंतीला टेकवतो. ज्वारीच्या कोठीत हात घालतो, पेटी उपसतो, भिंतीवरच्या फोटोंच्या मागं बघतो, मग अंगणात येऊन बाजेवर बसतो. तू तांब्या पुढं करतेस, तो घेत नाही. काठीनं झाडाकडं दाखवून म्हणतो, "ओली गोधडी काट्यावर? दोरी नाही का घरात?" तू म्हणतेस, "तुटनी साहेब." तो नाक वर करतो. "वास कसला येतोय?" तू म्हणतेस, "उदबत्ती." मी गोधडीकडं बघायचं टाळतेय आणि तुझा आवाज मात्र सपाट, नळाचं पाणी कधी येतं ते सांगावं तसा. तो उठतो, काठीचं टोक गोधडीच्या कडेला लावतो, आणि मग त्याला कंटाळा येतो की पुढचं घर आठवतं, कोण जाणे, तो निघून जातो. वाटी पुढं बंगल्यातच सापडली म्हणे. ते सांगायला काही आपल्या गल्लीत सायकल आली नाही. तू गोधडी उचललीस तेव्हा फुलं चेपून तिला चिकटली होती. ती एकेक सोडवून तू लगेच चुलीत घातलीस. आज कळतं की तो वाटी शोधायला आला होता, त्याला गुलाबातलं काय कळणार होतं? आपण दोघी वेड्यासारख्या एका झाडाला पांघरूण घालून उभ्या होतो. हे आठवून मला कधीकधी हसू येतं, आणि हसता हसता मी दाराकडं बघून घेते.

तू गेलीस तेव्हा मी जळगावला टेलिफोनमध्ये नुकती लागले होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून "धुळे लागलंय, बोला" असं खणखणीत ओरडायचं काम. तुझी मुलगी आणि मोठ्यानं बोलायचा पगार घेते, यावर तू फार हसली होतीस. तुझ्या माघारी भावानं अंगणात फरशी टाकायचं काढलं. त्याचं चूक नव्हतं, त्याची लेकरं काट्यानं ओरबाडून निघत होती. मी पावसाळ्यात गेले, पहारीनं मुळं मोकळी केली, ओल्या पोत्यात गड्डा बांधला आणि एसटीत बसले. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "काय शे बाई येमा?" मी म्हणाले, "लिंबू." त्यानं वाकून बघितलं. "लिंबूले असा काटा ऱ्हास का?" बिचारा सहज विचारत होता, दुसऱ्या सीटवर जाऊन विसरूनही गेला. मी मात्र पारोळा मागं पडेपर्यंत पोतं मांडीशी घट्ट धरून बसले होते, काटे साडीतून टोचत असताना.

जळगावला क्वार्टरच्या खिडकीखाली ते जगलं. आणि मग ती गंमत झाली जिला गंमत म्हणायला मला फार वर्षं लागली. आमच्या कॉलनीत गुलाबांचं भारी वेड. दसरा झाला की घरोघर छाटणी, सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, या दारातून त्या दारात फिरायचं. शेजारीण म्हणाली, "तुमचं किती रानटी माजलंय, द्या इकडं." तिनं गुडघ्याएवढं ठेवून बाकी सगळं उडवलं आणि मला ते नीटनेटकं दिसलं. मला वाटलं होतं, तू भीतीपायी कात्री लावत नव्हतीस, फांद्या कुणाच्या हाती पडतील म्हणून. शहाण्या माणसांची रीत ही अशी असणार. त्या चैत्रात फूल आलं नाही. मी म्हटलं, जागा बदलली, रुसलं असेल. पुढच्या दसऱ्याला पुन्हा छाटलं, पुन्हा चैत्र कोरडा. जयंतीला मी बाजारातून झेंडू आणला आणि ताटली फडताळातच राहिली. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात फांद्या शेंड्याकडून काळ्या पडायला लागल्या.

हे काळं वरून खाली उतरतं, माय. आज टोक, मग फांदीवरचा एक डोळा, मग दुसरा. मी काळं जिथं संपत होतं तिथं लाल दोरा बांधला. काही दिवसांनी बघते तर दोरा काळ्यात बुडालेला. त्याच्याखाली दुसरा बांधला. डाळीचं पाणी, राख, लेंड्या, तुझं सगळं करून झालं. ड्यूटीवर बसलं तरी डोळ्यांपुढं तो दोरा. लोक बोर्डावर ओरडतायत, नागपूर द्या, मुंबई द्या, आणि मी मनात म्हणतेय, आता कुठवर आलं असेल? ज्याला कळतं त्याला विचारायला हवं होतं. आणि विचारायचं म्हणजे तो पहिला प्रश्न काय करणार ते मला ठाऊक होतं. हे कुठलं? विचारलं नाही तर झाड जाणार, विचारलं तर तू मला आयुष्यभर जे करू नको म्हणालीस ते करावं लागणार.

त्याच सुमारास एका शाळेच्या हॉलमध्ये गुलाबांचं प्रदर्शन भरलं होतं. मी गेले. लांब टेबलांवर बाटल्यांमध्ये एकेक फूल, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी. राजेरजवाड्यांची, नट्यांची, परदेशी मडमांची नावं. तुझ्यासारखं एकही नाही. परीक्षक म्हणून एक म्हातारे गृहस्थ फिरत होते, शेतकी शाळेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना नाना म्हणत. मूळचे सावद्याकडचे, घरची केळी पुतण्यावर टाकून इथं गुलाबांत रमलेले. मी धीर करून फांद्या काळ्या पडतात म्हणून सांगितलं. ते थांबले. "जात कोणती?" माहीत नाही म्हटलं. "आणलं कुठून?" माय, मी चक्क पळाले. एवढी सरकारी नोकरी करणारी बाई, लोकांच्या बाटल्यांना धक्के देत दारातून बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीत जाऊन बसले. रस समोर आला तोही प्यायला नाही.

पुन्हा दोरा बांधायला जागा उरली नाही, तेव्हा नानांचं घर विचारत गेले. त्यांनी मला ओळखलं. "त्या दिवशी पळालेल्या तुम्हीच ना?" असं म्हणत चष्मा शोधला, छत्री घेतली आणि माझ्याबरोबर चालत आले, वाटेत प्रत्येक घराच्या कुंडीला नावं ठेवत. झाड बघितलं आणि माझ्यावरच कडाडले. "याला न्हाव्याकडं कुणी नेलं?" मी शेजारणीच्या दाराकडं बघितलं नाही. ते जमिनीवर मांडी घालून बसले, पान उलटं करून बघितलं, काटे बघितले, काळी फांदी खाली जिवंत गाभा दिसेपर्यंत कापली. मोरचूद आणि चुन्याचा लेप करून जखमांना लावायला शिकवलं. काळ्या मातीत पाणी तुंबतंय म्हणाले, विटांचे तुकडे आणि वाळू घालायला लावली. आणि मग सांगितलं की हा असा-तसा गुलाब नव्हे, हा वर्षातून एकदाच, मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलणारा. "दर दसऱ्याला तुम्ही येणारी फुलंच कापून टाकत होता. तुमच्या आई काय करायच्या?"

"काहीच नाही. हिरव्या काडीला हात लावू देत नव्हती."

"मग त्यांना कळत होतं."

मी वाळू पसरू लागले. तुला काही कळत नव्हतं, माय, तू घाबरत होतीस. तू घाबरत होतीस म्हणून तो फुलत होता आणि मी शहाणी झाले म्हणून वाळत होता, हे त्या गृहस्थांना कसं सांगणार? त्यांनी पुढं विचारलं, "कलम होतं, की काडी रोवलेली?" खालून फुटेल ते मूळ झाडाचंच असेल की ज्यावर कलम बांधतात त्या खुंटाचं, ते त्यावर ठरत होतं. उत्तर मला पाठ होतं. काडी. एवढा एक शब्द. पण काडीमागं झाडू येत होता, झाडूमागं बंगला. माझ्या तोंडून निघालं, "माहीत नाही." ते म्हणाले, "मग फूल आल्याशिवाय काही खरं नाही. आलं तर तोडून आणा मला. अख्खं."

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. उन्हाळ्यात पोतं भिजवायला दुपारच्या सुट्टीत उन्हातून घरी यायचे. दसरा आला तेव्हा शेजारणीला सांगितलं, घरात सुतक आहे, झाडाला लोखंड लावायचं नाही. आपल्यात असलं काही नसतं, पण तिला पटलं. नव्या फांद्या फुटल्या तरी आनंद होईना, रोज शेंडे तपासायचे, काळं तर नाही ना? होळीनंतर एका सकाळी पडदा सारला आणि वास आला. मी लगेच बाहेर गेले नाही. खिडकीचा गज धरून उभी राहिले. बाहेर जाऊन दुसरंच काही दिसलं तर? मग गेले. फिकं गुलाबी, दाट, आणि मधे तो हिरवा डोळा. मी अंगणात बसून रडले, इतकी की दूधवाल्यानं विचारलं, ताई, कुणाची तार आली का?

फूल डब्यात ठेवून, झाकण न लावता, भर बाजारातून चालत नानांकडं नेलं. अख्खं. वाटेत वाटत होतं, आता कुणीतरी खांद्यावर हात ठेवेल. नानांनी ते हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, वास घेतला, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "हे मी पाहिलंय." मी फूल परत घ्यायला हात पुढं केला. तरुणपणी धुळ्याला शिकत असताना एका जुन्या बंगल्याच्या कुंपणातून त्यांनी हा गुलाब बघितला होता. फांदी मागायला गेले तर गड्यानं फाटकातूनच हाकललं. पुढं कितीतरी पुस्तकं चाळली, अत्तराच्या गुलाबाच्या घराण्यातला वाटतो, पण हा हिरवा डोळा कुठल्या चित्रात जुळेना. "मुद्दाम गेलो होतो मध्यंतरी. बंगला पाडला. दुकानांचे गाळे झालेत, बाग, विहीर काही उरलं नाही." आणि मग माझ्याकडं बघून, अगदी साधेपणानं, "तुमच्या आईंकडं कसा आला हो?"

बंगला पडला होता. गाळे झाले होते. ज्यांचा केर होता ते कुठल्या गावी गेले तेही कुणाला माहीत नव्हतं. तरी माझ्या डोळ्यांपुढं ती काठी गोधडीच्या कडेला लागलेली होती. मी म्हणाले, "माय तिथं झाडायला होती. छाटलेली काडी केरातून आणली." आणि त्यांनी विचारलंही नव्हतं तरी पुढं म्हणाले, "चोरी नाही केली."

नानांनी फूल खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. मग ते चिडले, पण माझ्यावर नाही. "चोरी? अहो, मी कोट घालून त्या फाटकात उभा होतो आणि हात हलवत परत आलो. त्या बाईनं नेला म्हणून तो आज जगात आहे. नाहीतर गेला होता गाळ्याखाली." उठले, आतून तांब्या आणला, माझ्या हातात दिला. "प्या पाणी. आणि आईंचं नाव सांगा." मी दचकले. नाव कशाला? ते म्हणाले, ज्या जुन्या गुलाबाचं खरं नाव सापडत नाही त्याला, ज्याच्या अंगणात तो मिळाला त्याचं नाव देतात, ओळख पटेपर्यंत. गुलाबवाल्यांची रीतच आहे ती. माय, बंगल्यात तुला जन्मभर 'ए झाडूवाली' म्हणत होते. मी तुझं नाव सांगितलं. आडनावासकट. इतक्या हळू सांगितलं की नानांनी पुन्हा विचारलं.

पावसाळ्यात त्यांना काड्या दिल्या. कात्री त्यांनी चालवली, मी तोंड फिरवून उभी. पुढच्या प्रदर्शनात, हिवाळ्यात, सगळ्या फुललेल्या बाटल्यांच्या ओळीत नानांनी एक कुंडी ठेवली, फूल नाही, नुसती काटेरी काडी आणि चार पानं, आणि खाली तुझं नाव. फूल नसलेली ती एकच वस्तू म्हणून लोक तिथंच थांबत होते. एक बाई वाकली आणि तिनं तुझं नाव वाचलं, मोठ्यानं, पूर्ण, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. आणि मी, जी दिवसभर साऱ्या जिल्ह्याला ओरडून सांगते कोण लागलंय ते, मी पुढं होऊन तिला म्हणाले, "अहो, हळू बोला ना." ती बघतच राहिली. कुणी आलं नाही, माय. कुणीही आलं नाही. ती बाई दुसऱ्या टेबलाकडं गेली, आणि मी कुंडीपाशी उभी, तुझं नाव पुन्हा पुन्हा वाचत.

नानाही आता नाहीत. पण तुझ्या नावाचा गुलाब सावद्याला आहे, चाळीसगावला एका शाळेच्या आवारात आहे, भावानंही धुळ्याला फरशीचा एक चौकोन उखडून लावलाय. लोक सहज म्हणतात, अमुकबाई यंदा लवकर फुलल्या. तुझ्याबद्दल इतकं मोकळं कुणी बोलेल असं तुला कधी वाटलं असतं का? हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतं, लिहून होईल तसं ते उशीखाली जाईल. तरी एक तुला सांगायलाच हवं, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. नाना बोलता बोलता म्हणाले होते, ओळख पटेपर्यंत. म्हणजे एखाद्या दिवशी हा कुठल्या पुस्तकात सापडला, कुण्या राणीचा, कुण्या गोऱ्या साहेबाच्या बायकोच्या नावाचा निघाला, तर तुझं नाव काढून ते लावायचं. रीतच आहे. यंदा पुण्याहून एका अभ्यासकाचा फोन आला. भला माणूस, आवाजावरून तरुण. त्याच्याकडं जुन्या गुलाबांची चित्रं आहेत, म्हणाला, एक ताजं फूल मिळालं तर नक्की ओळख लावून देतो, मी स्वतः घ्यायला येतो. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हणाले, यंदा फुललाच नाही हो. झाड भरून फुललं होतं, माय.